ओळख होईपर्यंत

१

सकाळी पिंजऱ्यावरची खोळ मी काढायची, हा आमच्या घरात न बोलता ठरलेला नियम होता. नवऱ्याने एकदोनदा काढून पाहिली. आतून काही म्हणजे काही उत्तर आलं नाही आणि तो हातात खोळ घेऊन पाहुण्यासारखा उभा राहिला. मी काढली की मात्र मास्तर तुरा उभारून शीळ घालायचा. खालून वर चढणारे दोन सूर, मग जरा थांबून तिसरा, अगदी छोटा. ही शीळ माझी. इतर कुणासाठी त्याने ती कधी घातली नाही, आणि मला त्याचा किती माज होता ते मी लपवणार नाही.

मास्तर म्हणजे आमचा कॉकटियल, तुरेवाला छोटा पोपट. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालावर केशरी ठिपके आणि नजर सतत कुणाच्या तरी चुका काढणारी. तो पिल्लू असताना मी त्याला सिरिंजने भरवलंय. त्याच मोठ्या पिंजऱ्यात जाळीच्या पलीकडे दोन बजी, चिमणीएवढे पोपट. त्यांची झोपाळ्यावरून दिवसभर जुंपलेली असायची, म्हणून त्यांना आम्ही सासू आणि सून म्हणायचो.

घरात आम्ही दोघंच. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासतो आणि घरी आला की स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून तोच घरभर शोधतो. मी मागच्या खोलीत कपडे दुरुस्तीची कामं घेते. चेन बदलायची, पँट आखूड करायची, पडदे शिवायचे.

पिंजऱ्याची खोळसुद्धा मीच शिवलेली, माझ्या जुन्या गाऊनची. निळ्या रंगावर पांढरी पानं. तो गाऊन मी इतका वापरला की पार विटून गेला. नवरा म्हणायचा, तू यात दिसलीस की घरी आल्यासारखं वाटतं. शेवटी मीच त्याला कात्री लावली. पाठीच्या भागाची खोळ झाली, उरलेलं चिंध्यांच्या पिशवीत गेलं. शिवणाऱ्या बाईच्या हातून कापड फेकलं जात नाही.

२

मांजरीचं पिल्लू आलं ते फ्रेमच्या रिकाम्या खोक्यातून. दुकानात एक बाई लांबचा चष्मा करायला आल्या होत्या, त्या घर सोडून चालल्या होत्या, आणि आमच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्याने खोकं हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, “या, बाईसाहेब. आपलंच घर आहे.”

मी स्वयंपाकघरातून “आले, आले” म्हटलं. कारण बाईसाहेब मी होते. लग्न झाल्यापासून त्याने मला दुसरी कुठली हाक मारल्याचं मला आठवत नाही. हात पुसत बाहेर आले तर तो खोक्यापुढे उकिडवा बसला होता आणि ती हाक माझ्यासाठी नव्हतीच.

खोक्यात काचा पुसायचं पिवळं फडकं अंथरलेलं, त्यावर ती. करड्या रंगाची, मुठीएवढी. पुढचा उजवा पंजा तेवढा पांढरा. ओरडली नाही, लपली नाही. एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग माझ्या ओल्या हातांकडे पाहत राहिली.

माझ्या पोटात दुखलं. मी एवढी घोडी आणि ते एवढंसं जनावर, पण दुखलं. मी पक्ष्यांचं कारण पुढे केलं. घरात पक्षी असताना मांजर आणायचं म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं. त्याने हसत बहिणीला फोन लावला.

माझी नणंद जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. तिच्याकडे मांजरं, कुत्री, कासव सगळं आहे आणि सल्ले तर त्याहून जास्त. तिने सगळी रीत सांगितली. पिल्लाला थेट पिंजऱ्यासमोर आणायचं नाही, एका खोलीत बंद ठेवायचं. तिच्या अंगाखालचं फडकं पक्ष्यांजवळ ठेवायचं, पक्ष्यांकडचं तिच्या अंगाखाली. रोज अदलाबदल करायची. एकमेकांचा वास घरातलाच वाटायला लागला की मग दार उघडायचं.

“आणि घाई करू नका,” ती म्हणाली. “एकदा का पक्षी बिथरले, की पुन्हा पहिल्यापासून. ओळख होईपर्यंत दार उघडायचं नाही म्हणजे नाही.”

आता दार लागणारी खोली घरात एकच. माझी. माझं मशीन ओढत हॉलमध्ये आणलं, पिंजऱ्याशेजारी खिडकीत ठेवलं. इथे उजेड चांगला आहे, असं नवरा म्हणाला. उजेड चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पिल्लू दार ढकलायला शिकलं तेव्हा त्याने बाहेरून एक कडीसुद्धा बसवली, स्वतः स्क्रू पिळून. माझ्या खोलीच्या खिडकीचा पडदा किती दिवस सुटला होता, त्याला मात्र त्याचा हात लागला नव्हता.

३

फडक्यांचं काम माझ्याकडे आलं. मी चिंध्यांच्या पिशवीतून गाऊनचा पुढचा भाग काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. एक तिला, एक पक्ष्यांना.

पण मी रीत पाळली नाही. पक्ष्यांकडचं फडकं मी तिच्याकडे न्यायचे, कारण नवरा संध्याकाळी आल्या आल्या तिकडे डोकावायचा. तिच्याखालचं मात्र मी बाल्कनीच्या नळाखाली साबणाने धुवायचे, वाळवायचे आणि शिवताना दुपारभर स्वतःच्या मानेभोवती गुंडाळून ठेवायचे. मग ते पिंजऱ्याखाली. माझा हिशोब सरळ होता. पक्ष्यांना तिचा वास कधी लागणारच नाही. दार उघडायच्या दिवशी ते घर डोक्यावर घेतील, नवऱ्याचा चेहरा उतरेल, आणि बाईसाहेबांची रवानगी नणंदेकडे होईल. तिथे एक मांजर कमी काय नि जास्त काय.

तिला दूध द्यायला आत जावं लागायचं. ती दुधाकडे लगेच जात नसे. मी गुडघ्यावर कापड घेऊन हातशिलाईचं काहीबाही उरकत बसले तर समोर येऊन बसायची आणि सुईबरोबर डोळे फिरवायची. सुई वर, डोळे वर. मला आधी गंमत वाटली. दोऱ्याशी खेळेल म्हणून मी दोरा हलवून पाहिला, पण ती खेळली नाही. तिला दोरा नको होता, दोरा कसा ओवायचा ते पाहायचं होतं, असा एक वेडा विचार मनात आला आणि मी उठून बाहेर आले.

संध्याकाळी नवरा चष्मा काढून तिच्याशेजारी जमिनीवर आडवा व्हायचा. काय बोलायचा ते बाहेर नीट ऐकू यायचं नाही, पण आवाज ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो माझ्याशी तसा बोलायचा. मी मशीन जोरात चालवायचे.

४

एका सकाळी मी खोळ काढली तर मास्तरने माझ्याकडे पाहिलंच नाही. तुरा उभा होता, मान लांब केलेली होती, पण तोंड मागच्या खोलीच्या बंद दाराकडे. त्याने शीळ घातली. दोन सूर, थांबला, मग तो छोटा तिसरा.

मी त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्याने मान वाकडी केली, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि पुन्हा तीच शीळ घातली.

मी स्वतःला समजावलं. त्याला दारापलीकडे मी वाटत असेन. इतकी वर्षं मी त्याच खोलीत बसत आलेय, सवय आहे त्याला. पाखरू ते, त्याला काय कळणार मी आता हॉलमध्ये बसते म्हणून. हे कारण चांगलं होतं आणि मला दुपारपर्यंत पुरलं. दुपारी लक्षात आलं की ती शीळ मी समोर आल्यावर घालायची होती, मी आत असताना नाही. आत असताना तर तो नुसता ओरडायचा.

त्या दिवशी मी ग्राहकाच्या लाल पडद्यांना टिपा घालत होते. हात चालत होते, पण कान सगळे मागच्या दाराकडे लागलेले.

५

दार उघडायचा दिवस नवऱ्याने सुट्टीचा निवडला. तो तिला छातीशी धरून बाहेर आला. मी पिंजऱ्याजवळ उभी राहिले, आता होणाऱ्या गोंधळाची वाट पाहत. मनातून मला आनंद होत होता, त्याला दुसरा शब्द नाही.

सासू झोपाळ्यावरून उतरून जाळीपाशी आली. सूनही आली. दोघी एकमेकींना खेटून बसल्या, ज्या जन्मात कधी बसल्या नव्हत्या. मास्तरने मान खाली घालून डोकं जाळीला टेकवलं, खाजवून घ्यायला टेकवतो तसं. तिने पांढरा पंजा पुढे केला आणि तारेतून त्याच्या मानेवरून फिरवला. नख्या आत ओढलेल्या होत्या. पिसांच्या उलट दिशेने, हळूहळू, कानामागे जरा थांबून. मास्तरला तसंच आवडतं. हे मला माहीत होतं आणि मी कुणाला दाखवलेलं नव्हतं.

“बघ,” नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बघितलंस? तू उगाच घाबरत होतीस.”

मी पुढे झाले. तिचा पंजा बाजूला करून माझं बोट जाळीत घालावं, एवढंच मनात होतं. मास्तर मागे सरला, पंख अर्धवट उघडले आणि माझ्यावर फुसकारला. इतक्या वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. सासू आणि सून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळल्या. मी बोट काढून घेतलं तरी त्या आदळत राहिल्या. सुनेचं एक कोवळं पीस मुळाशी मोडलं आणि पांढऱ्या ट्रेवर रक्ताचे थेंब पडले.

मी मागे सरत मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेले. तेव्हा कुठे ते शांत झाले.

६

याची कारणं शोधायला मी काही कमी केलं नाही. डोक्याचं तेल बदललं होतं, ते सोडलं. कपडे धुवायची पावडर पूर्वीची आणली. नणंदेला फोन केला तर तिने सरळ सांगितलं, “वहिनी, तू रोज त्या पिल्लाजवळ बसत होतीस ना? तुझ्या अंगाला मांजराचा वास लागला असणार. तो जाईपर्यंत जरा लांब राहा त्यांच्यापासून.”

“आणि मांजराच्या अंगाला कुणाचा वास आहे?” मी विचारलं.

ती हसली. तिला वाटलं मी रुसून बोलतेय. पण मी खरंच विचारत होते, कारण उत्तर मला आलेलं होतं. खोळ माझी, दोन्ही फडकी माझी, आणि ती इतके दिवस त्या कापडावर अंग घुसळत झोपली होती. पक्ष्यांना रोज माझा वास मिळत होता आणि त्यांच्या लेखी तो बंद दाराच्या पलीकडून येत होता. दाराआड कुणीतरी आपलं आहे हे मीच त्यांना शिकवलं. मग हॉलमध्ये वावरणारी मी कोण, हे त्यांनी त्यांच्या परीने ठरवलं असणार.

हे नवऱ्याला सांगायचं तर फडक्यांची गोष्ट सांगावी लागली असती. 

हॉलमध्ये पाऊल टाकलं की सून आदळायची. तिची पिसाची जखम अजून भरली नव्हती. ट्रे पुसताना नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पुरली. मी आपणहून सुईदोरा, बटणांचा डबा आणि उशी घेऊन मागच्या खोलीत आले. थोड्या दिवसांचा प्रश्न होता. मशीन जड, ते बाहेरच राहिलं, त्यावर लाल दोरा ओवलेला तसाच. पिल्लू आता हॉलमध्ये राहणार होतं, ते ओघानेच आलं. वाऱ्याने दार उघडून पक्षी बिथरू नयेत म्हणून नवऱ्याने बाहेरून कडी घातली. “हाक मारलीस की उघडतो,” असं म्हणाला, आणि सुरुवातीला उघडायचाही.

७

खोलीत बसलं की घर आवाजांनी कळतं. दाण्यांची टरफलं फुंकरल्याचा आवाज. पाण्याच्या वाटीचा. सकाळी खोळ ओढल्याची सळसळ आणि पाठोपाठ शीळ. खोळ नवराच काढत असणार. त्याच्यासाठी मास्तर शीळ घालायला लागला असेल तर मला आनंद व्हायला हवा, असं मी स्वतःला बजावलं. मला आनंद झाला नाही.

मग एका दुपारी बाहेर मशीन चालू झालं.

नवरा दुकानात होता. मशीनला पायाने दाबायचं बटण आहे. पिल्लू त्यावर बसलं असणार, मांजरं कुठेही बसतात. मी हसलेसुद्धा. पण मशीन थोडं चालून थांबलं, थोडं मागे गेलं, मग पुन्हा पुढे चालू लागलं. टीप सुटू नये म्हणून मी सुरुवातीला घालते तो मागेपुढे टाका. त्यासाठी दांडी हाताने दाबावी लागते. मी दाराला कान लावून बसले. लांब शिवण, मग थांबणं, मग कात्री. पक्षी मजेत किलबिलत होते. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले असते तर सून आदळली असती.

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, खोळ कुठे आहे. दाराबाहेरून म्हणाला, धुवायला काढली असेल. फडकी? तीही. कोणी काढली, असं विचारलं. तो म्हणाला, “असं काय करतेस? घरात बाईमाणूस आहे ना.”

“आहे ना,” मी म्हटलं. “इथे आत आहे.”

“हो, हो,” तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. मला तो सूर ओळखीचा वाटला. दाराआडच्या जनावराशी लोक तसं बोलतात.

सुट्टीच्या दिवशी नणंद आली. तिची चप्पल, तिची पिशवी, तिचं मोठ्याने हसणं, सगळं ऐकू आलं. मी केस नीट केले. आता ती विचारेल, आता येईल, कडी काढेल. कपबशा वाजल्या. मग ती म्हणाली, “वहिनी, किती बारीक झालीस गं तू.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण तिचा आवाज दाराकडे नव्हता. तो खिडकीकडे होता, मशीन आहे तिथे. मी माझं तोंड तसंच उघडं ठेवून ऐकत राहिले. मांजरांशी लोक वाटेल ते बोलतात, आणि तिची थट्टा करायची सवय तर जगजाहीर आहे. हे मी स्वतःला सांगितलं. मग तिने चहा छान झाल्याचं सांगितलं, आणि चहा नवऱ्याला करता येत नाही.

८

दाराचं वरचं बिजागर ढिलं आहे. चौकटीपाशी बोटभर फट राहते. इतके दिवस मी तिच्याजवळ गेले नव्हते. कारण बघायचं ठरवलं असतं तर दिसलं असतं.

त्या सकाळी शीळ झाली आणि मला राहवलं नाही. ती माझी शीळ होती. त्या पाखराला मी सिरिंजने भरवलंय, त्याच्यासाठी कितीदा जेवण सोडून उठलेय. मी फटीला डोळा लावला.

पिंजऱ्याचा कोपरा दिसला. मास्तर तारेला चिकटून, तुरा उभारून. पिंजऱ्यावर खोळ नव्हती. आणि त्याच्यापुढून, हॉलच्या उजेडातून, माझा निळा गाऊन चालत गेला. अख्खा. पांढरी पानं, तीच विटकी कड. कुशीला काखेपासून खालपर्यंत एक शिवण गेलेली, लाल दोऱ्याची, सरळ आणि बारीक. इतकी सफाई माझ्या हाताला यायला वर्षं लागली होती.

मी दार वाजवलं असेल. मला आठवतं ते एवढंच की सासू, सून, मास्तर सगळे एकदम उडाले, तारांवर पंख आपटले, आणि मी हात छातीशी घट्ट धरून जमिनीवर बसले. बाहेर नवऱ्याची पावलं आली.

“श्श,” तो दारापाशी म्हणाला. “घाबरले बघ ते. तू शांत बस. शांत बसलीस की लवकर होईल.”

मग त्याने मान वळवली असणार, कारण पुढचं मला विचारलेलं नव्हतं. “आज उघडून बघायचं का?” उत्तर मला ऐकू आलं नाही. मशीन तेवढं चालू झालं, मागेपुढे टाका घेतला आणि पुढे निघालं.

“बाईसाहेब म्हणतात, अजून थोडे दिवस,” तो दाराला म्हणाला. “बाकी काळजी करू नकोस. हे घे. याच्यावर झोपत जा.”

दाराखालून काचा पुसायचं ते पिवळं फडकं आत सरकलं. त्याला करडे केस चिकटलेले होते. मी ते नाकाशी नेलं. मला त्याची शिसारी आली, आणि मग तितकीशी आली नाही.

घर माझं आहे. माणूस माझा आहे. ती शीळ तर माझीच आहे. मी फडकं अंथरलं, त्यावर बसले आणि पुन्हा फटीला डोळा लावला. तोंड दिसत नव्हतं, मध्ये पिंजरा येत होता. मशीनवर चालणारे हात तेवढे दिसत होते. उजवा हात डाव्यापेक्षा गोरा होता. मी डोळे न हलवता त्या हातांकडे पाहत राहिले.